मामिर-अताची झारी

शाळेच्या अंगणात सगळं गाव गोळा झालं होतं. महिन्याभरात निम्मे घोडे तडफडून मेले होते. हा शाप कुणी आणला, ते आता मामिर-अता बुवाची झारी सांगणार होती. बुवा एकेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन दुवा पुटपुटायचा, मग त्यावर झारीतलं पाणी ओतायचा. पाणी नितळ राहिलं तर माणूस निष्पाप. काल विधवा सालिमाच्या बोटांवरून लाल धार बर्फावर पडली, आणि दिवस मावळायच्या आत तिला लेकीसकट घाटाकडे हाकलण्यात आलं.

आज पाळी डॉक्टर झूराची होती. गावातली बहुतेक पोरं तिच्याच हातून जन्मली होती. पण ती नमाज पढत नसे, आणि कुणी विचारलंच तर देव मानत नाही असं सरळ सांगे. घोडे बुरशी धरलेल्या गवतानं मरताहेत, हेही तिनं सांगून पाहिलं होतं.

"जिला अल्लाचं भय नाही," बुवा लोकांकडे बघत म्हणाला, "तिला पाप करताना अडवणार कोण?"

त्यानं तिचा हात चांगला चोळला आणि पाणी ओतलं. बर्फ लाल झाला. मागं कुणीतरी वाकून दगड उचलला, ते झूराला ऐकू आलं.  तरी तिची नजर त्या डागावरच होती. आयुष्यभर रक्त पाहिलेली बाई ती. रक्ताला असली गुलाबी झाक नसते. पाणीही बोटांना बुळबुळीत लागत होतं, धुण्याच्या सोड्यासारखं. जुलाबाच्या गोळ्या घेतलेल्या रोग्यांचे कपडे सोड्यात टाकले की हाच रंग उतरतो, हे तिनं दवाखान्यात कितीदा पाहिलं होतं.

बुवा झारी काखेत धरून तळवे झग्याला पुसू लागला.

"मुल्लासाहेब, त्याचा हात धरा," झूरा म्हणाली. "पुसायच्या आत."

मुल्ला दोरोनबेक म्हातारा होता, सच्चा होता, आणि कालपासून जेवला नव्हता. त्यानं पुढं होऊन बुवाचा पंजा पकडला, आपल्या तळव्यावर घासला. बुवा झारी सोडेना, तेव्हा झूरानं ती हिसकावून मुल्लाच्या हातावर उपडी केली.

मुल्लाच्या बोटांवरून लाल धार बर्फावर पडली.

ज्याला दोषी ठरवायचं, त्याच्या हाताला बुवा जुलाबाच्या गोळीची पूड चोळत होता. झारीत सोडा होता. झूरानं एवढंच सांगितलं. 

"मी पाच वेळा नमाज पढतो," मुल्ला लाल हात तसाच धरून म्हणाला. "काल सालिमाला ढकलत नेलं, तेव्हा मी गप्प उभा होतो. ही बाई नमाज पढत नाही. एकटी हीच वाटेत आडवी झाली होती. तिला कोण अडवणार म्हणून विचारता? काल आपल्याला कुणी अडवलं?"

दगड खाली पडला. माणसं उरलेल्या घोड्यांवर खोगीर चढवून घाटाकडे निघाली.

सालिमा मेंढपाळांच्या रिकाम्या गोठ्यात सापडली, लेकीला छातीशी धरून. पोर वाचली, सालिमा नाही. तिला पुरताना मुल्लानं दुवा म्हटली आणि झूरा गप्प उभी राहिली. रडत दोघंही होती.

चमत्कार समोर आला की आधी तो करणाऱ्याचे हात तपासा. आणि माणूस भला की बुरा हे ठरवायचं असेल, तर तो कुणापुढं वाकतो ते विचारू नका. लोक दुसऱ्याला घाटाकडे हाकलत असताना तो कुठं उभा होता, ते विचारा.