बाबांचे रिस्टोअर पॉइंट

मी एका कुरिअर कंपनीत हरवलेल्या पार्सलांच्या टेबलावर बसते. दिवसभर माणसं येऊन "मी पाठवलं होतं हो" असं सांगतात, आणि आमचा साहेब मागून "पाठवलंच नसेल" असं पुटपुटतो. इतक्या वर्षांत मला एवढं कळलंय, की माणूस पाठवलं म्हणतो तेव्हा त्याने बहुतेक पाठवलेलंच असतं. पार्सल कुठल्या तरी भलत्याच गोणीत पडलेलं असतं आणि ती गोणी शोधायचा सगळ्यांना कंटाळा असतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या घरात जे झालं त्यात माझा नवरा साहेबाच्या बाजूचा होता आणि मी गोणीच्या.

सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर लिफ्टचे मेकॅनिक. निवृत्त झाल्यावरही आमच्या इमारतीची लिफ्ट महिन्यातून एकदा तेच तपासायचे. हत्यारांची कातडी पिशवी खांद्याला लावून खाली उतरले, की जिन्यात भेटणारा प्रत्येक जण त्यांना थांबवून काही ना काही विचारायचा आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. घरातला कॉम्प्युटरही त्यांच्याच ताब्यात. दूर राहणाऱ्या माझ्या नणंदेशी ते दर रविवारी त्यावर बोलत.

पण मधूनच कसलंसं अपडेट आपलं आपण यायचं आणि आवाज जायचा. नणंद पडद्यावर तोंड हलवतेय, आम्ही सगळे कानाला हात लावून बसलोय, असा तमाशा. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्याने बाबांना उपाय सांगितला. सगळं सुरळीत चालू असताना एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवायचा. म्हणजे कॉम्प्युटरला सांगायचं, आजची स्थिती नीट लक्षात ठेव. पुढे बिघडलं की यादी उघडायची, तो पॉइंट निवडायचा, आणि कॉम्प्युटर त्या स्थितीला परत जातो. बाबांना हे फारच पटलं. ते नेमाने पॉइंट करू लागले.

पुढच्या वेळी आवाज गेला. बाबांनी ऐटीत यादी उघडली, तर यादी कोरी.

"मी काल केला होता," बाबा म्हणाले.

"राहिला असेल करायचा," नवरा म्हणाला.

असं एकदा झालं, दोनदा झालं. मग नवऱ्याने एका रविवारी संध्याकाळी स्वतः एक पॉइंट केला. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना यादी उघडली, तर तो जागच्या जागी होता. "बघा बाबा, मी केलेला राहतो आणि तुम्ही केलेला राहत नाही. म्हणजे दोष कॉम्प्युटरचा नाही," असं म्हणून तो बूट घालून निघून गेला. त्याच्या बोलण्यात चूक काढता येत नव्हती, म्हणूनच माझं डोकं फिरलं.

एकदा घरात संशय शिरला की सगळंच त्याच्या हिशोबात जमा होतं. बाबा आधीही चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधायचे आणि आम्ही हसायचो. आता कोणी हसेना. किल्ली दाराला राहिली, की सासूबाई आणि नवरा एकमेकांकडे बघत. त्याच आठवड्यात मी गॅसवर दूध विसरले होते आणि भांडं काळंकुट्ट झालं होतं. माझ्याकडे कोणी तसं बघितलं नाही.

बघण्याला कारण होतं. बाबांचे थोरले भाऊ शेवटी सगळं विसरले होते. आधी किल्ल्या, मग रस्ते, आणि मग बायको. त्यांचं सगळं बाबांनीच केलं होतं. म्हणून कोरी यादी बघितली की बाबांच्या चेहऱ्यावर काय यायचं, ते मी ओळखून होते. ते घाबरलेले होते, आणि घाबरलोय हे कोणाला सांगायला त्यांचं तोंड उघडत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी हत्यारांची पिशवी नवऱ्याच्या हातात दिली. "माळ्यावर टाक. लिफ्टमध्ये माणसं बसतात. एखादा नट आवळायचा राहिला माझ्याकडून तर?"

नवऱ्याने पिशवी माळ्यावर टाकली आणि डॉक्टरांची वेळ घेतली.  त्यानंतर बाबा लिफ्टने जायचे सोडून जिन्याने ये-जा करू लागले.

माझं मात्र मन मानेना. मी एक दिवस रजा टाकली आणि नवरा ऑफिसला गेल्यावर बाबांशेजारी खुर्ची ओढून बसले.

"बाबा, कधीतरीच बिघडणारी लिफ्ट तुम्ही कशी पकडायचात?"

"ती आपल्यासमोर कधीच बिघडत नाही," ते म्हणाले. "मग तिच्यात बसून राहायचं. वर-खाली, वर-खाली. माणसं वैतागतात, पण आपण उतरायचं नाही."

"मग आज आपण उतरायचं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कॉम्प्युटर सुरू केला. पॉइंट करताना त्याला एक नाव द्यावं लागतं. एका बोटाने अक्षर शोधत शोधत बाबांनी टाइप केलं, "हा मी केला".

"असं काय नाव?"

"हल्ली असंच देतो," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "म्हणजे यादीत दिसला तर माझी मलाच खात्री पटेल. दुसऱ्या दिवशी यादी उघडतो, पण अजून एकदाही दिसला नाही."

 मी यादी उघडली. "हा मी केला" तिथे होता, आम्ही दोघांनी बघितला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. होता. आवाज लावून बघितला, नणंदेने पाठवलेले फोटो उघडून बघितले. होताच. जेवणाची वेळ झाली, तेव्हा बाबांनी कॉम्प्युटर बंद केला, जेवले, आणि आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. मी उतरणार नव्हते. बाहेरच्या दिवाणावर पुस्तक घेऊन पडले.

थोड्या वेळाने सासूबाई चष्मा पुसत आल्या. मला बघून जरा घुटमळल्या.

"तू इथे पडलीयेस होय? मी आपली पाच मिनिटं बसते हं," म्हणत त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. त्या रोजच यायच्या. कोणी काही केलं नाही तर खालची ओळ आपोआप निवडली जायची, म्हणून आम्ही कोणी त्यांच्याकडे बघतही नव्हतो. सासूबाईंनी सराईतपणे बोट पुढे केलं आणि वरची ओळ निवडली. मी ताडकन उठून बसले.

"आई, हे काय केलंत?"

"कुठे काय? जुन्यात गेले. माझे पत्ते जुन्यातच आहेत."

मला आठवलं. दुकानवाल्याने नवी सिस्टिम टाकली होती तेव्हा जुनी काढली नव्हती, कारण सासूबाईंच्या भरतकामाच्या नमुन्यांचा प्रोग्राम जुन्यातच चालायचा. पुढे त्यांचे डोळे दुखायला लागले आणि भरतकाम सुटलं. जुनी सिस्टिम तिथेच आहे, हे आम्ही हिशोबात धरतच नव्हतो. पण एकटीने लावायचा पत्त्यांचा डावही तिच्यातच होता.

"रोज खेळता?"

"आधी कधीमधी. हल्ली रोज, दुपारी हे झोपले की," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रविवारी तेवढं नाही, सगळे घरात असतात. यांना दिवसभर त्या डब्यासमोर बसता म्हणून मीच बोलते, मग यांच्यासमोर कशी खेळू? पण यांचं हे विसरणं सुरू झाल्यापासून नको ते विचार येतात गं. डाव लावला की तेवढा वेळ डोकं शांत राहतं."

डाव लागेपर्यंत मी कशी थांबले, माझं मलाच माहीत. लागल्यावर मी कॉम्प्युटर बंद केला, नव्या सिस्टिममध्ये सुरू केला आणि यादी उघडली.

कोरी.

कोरी यादी बघून इतका आनंद झालेली दुसरी बाई जगात नसेल. मी आत धावले आणि बाबांना हलवून उठवलं. ते अर्धवट झोपेत येऊन पडद्यासमोर उभे राहिले, आणि पुन्हा त्यांचा चेहरा तसाच झाला.

"गेला," ते म्हणाले.

"गेला! पण सकाळी होता. मी बघितला, नावसुद्धा वाचलं. तुम्ही केला होता, बाबा. रोजच करत होतात." मग मी जुन्याची आणि पत्त्यांची सगळी हकिगत सांगितली.

बाबा खुर्चीवर बसले. "तू बघितलास ना? नक्की बघितलास?" त्यांनी दोनदा विचारलं. मग चष्मा काढून ते तोंड झाकून रडले. मी या घरात आल्यापासून त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

सासूबाईंचा चेहरा पार उतरला. "म्हणजे मीच पुसत होते? तुमची काळजी वाटायची म्हणून खेळत बसायचे, आणि त्यानेच..."

"अगं, तू कुठे पुसलंस? त्या जुन्याने पुसलं."

"आणि एवढे घाबरला होतात तर बोलला का नाहीत मला?"

बाबांनी डोळे पुसले. "विसरलो असेन," ते म्हणाले.

सासूबाईंनी हातातलं चष्म्याचं घर त्यांच्या दंडावर मारलं. मग दोघंही हसायला लागली, आणि मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले, कारण मलाही आता रडू आवरत नव्हतं. या वेळी दूध उतू गेलं तरी मला पर्वा नव्हती.

दुकानवाल्याला फोन लावला, तर त्याला नवल वाटलं नाही. जुन्या सिस्टिमला नवीच्या खुणा ओळखता येत नाहीत, सुरू झाली की ती त्या अडगळ समजून झाडून टाकते, असं तो म्हणाला. ही वरची ओळ कोणी वापरत असेल असं त्याच्याही डोक्यात आलं नव्हतं. संध्याकाळी येऊन त्याने नवीची जागा जुनीला दिसणारच नाही अशी सोय केली. सासूबाईंचे पत्ते जिथल्या तिथे राहिले.

मी रजा आणखी एक दिवस वाढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याच नावाचा नवा पॉइंट केला, आणि दुपारी सासूबाईंना हुकूम झाला, खेळा. त्या खेळल्या. बाबा झोपायला न जाता पाठीमागे उभे राहून "तो लाल पत्ता तिकडे घे" असं सांगत होते आणि बोलणी खात होते. मग नव्या सिस्टिममध्ये जाऊन यादी उघडली. "हा मी केला" होता. बाबांनी ते तीन शब्द मोठ्याने वाचले, आणि यादी बंद करून पुन्हा उघडली.

नवऱ्याला मी आदल्या रात्रीही काही सांगितलं नव्हतं. मुद्दामच. त्या संध्याकाळी तो घरी आल्यावर त्याला पडद्यासमोर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्याने यादीतलं ते नाव वाचलं. माफी मागणं त्याला कधी जमलेलं नाही. तो उठला, स्टूल घेऊन आत गेला, आणि माळ्यावरची पिशवी काढून आणली. फडक्याने तिच्यावरची धूळ पुसली, बक्कल पुसलं, आणि पिशवी बाबांसमोर टेबलावर ठेवली.

"डॉक्टरांची वेळ रद्द करू?" त्याने विचारलं.

"कशाला? जाऊन येऊ," बाबा म्हणाले. "आता भीती नाही वाटत."

नवरा मान खाली घालून उभा होता. "बाबा, चौथ्या मजल्यावर लिफ्ट धक्का देतेय. बघता का जरा?"

बाबांनी पिशवी खांद्याला लावली. "गेल्या महिन्यापासून देतेय," ते म्हणाले. "जिन्यातूनही ऐकू येतं. आधी दाराचा आवाज, मग धक्का. आठवतंय मला."

आणि ते दार उघडून बाहेर गेले. जिन्याकडे न वळता त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं.