नेरूरकरांचा खरा मेसेज

लालबागच्या त्या टॉवरमध्ये रघुवीर नेरूरकरांना कुणाबद्दल आदर वाटतो असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे खोटे दावे वाचून ते निवृत्त झाले होते आणि सोसायटीच्या ॲपवरच्या ग्रुपकडेही त्याच नजरेने बघायचे. लिफ्ट बंद पडली की लिहायचे, ‘समितीचे आभार. आमच्या गुडघ्यांची एवढी काळजी मुलांनीही घेतली नाही.’

अध्यक्ष बाबुराव चव्हाणांना हे झोंबायचं. त्यांचा पुतण्या नील कॉम्प्युटर इंजिनीअर होता. त्याने ग्रुपवरचे जुने मेसेज शिकवून एक प्रोग्राम तयार केला. मेसेजमध्ये टोमणा दिसला की त्याखाली ‘उपरोध’ असा लाल शिक्का उमटायचा. तीन शिक्के पडले की महिनाभर लिहायला बंदी. नीलने हॉलमध्ये सगळ्यांना तो दाखवला.

“दहातले नऊ बरोबर ओळखतो,” तो म्हणाला.

“आणि दहावा कोण, ते समिती ठरवणार का?” नेरूरकरांनी विचारलं. लोक हसले. हसले नाहीत ते दोघेच, काका आणि पुतण्या.

पहिल्याच आठवड्यात नेरूरकरांना दोन शिक्के बसले. दुसरा तर नुसत्या ‘वा, छान’ला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. गाढवाने लाथ मारली म्हणून कोणी रडत बसत नाही, असं ते जयवंतला म्हणाले.

जयवंत परब चौथ्या मजल्यावर राहायचा. गिरणी बंद पडल्यावर त्याने टॅक्सी चालवली, तिच्यावरच मुलीला शिकवलं. ग्रुपवर तो आणि नेरूरकर एकमेकांची सालटी काढायचे; संध्याकाळी मात्र गच्चीवर एकत्र बसायचे. ते गच्चीवरचं कुणाला ठाऊक नव्हतं.

एका सकाळी जयवंत झोपेतच गेला. बातमी कळल्यावर नेरूरकरांनी ग्रुप उघडला. मग लिहिलं, ‘जयवंतसारखा सरळ माणूस या इमारतीत दुसरा नाही. मी एकटा पडलो.’

क्षणात खाली लाल शिक्का उमटला. तिसरा. पुढचं लिहायची सोय उरली नाही.

ते जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. दारात जयवंतची मुलगी आकांक्षा उभी होती. तिच्या हातात फोन होता.

“काका, आज तरी बाबांना सोडायचं होतंत,” ती म्हणाली.

“मी मनापासून लिहिलंय गं. तो शिक्का त्या मूर्ख मशीनचा आहे.”

आतून जयवंतची बायको शेवंती आली. डोळे कोरडे होते. “तुमचा खरा खंयचा नि खोटा खंयचा, ता आमका इतक्या वर्सांत कळाक नाय,” ती म्हणाली. “मशीनीक कित्याक नावां ठेवतास?”

शेवंती आत वळली. आत या, असं कुणी म्हणालं नाही. नेरूरकर खाली पुरुषांमध्ये जाऊन उभे राहिले, तिरडी बांधायला हात लावला, स्मशानापर्यंत गेले. वाटेत कुणी त्यांच्याशी बोललं नाही.

परतताना फाटकाशी नीलने त्यांना गाठलं. “सॉरी काका. तुमचं नाव दिसलं की प्रोग्राम आधीच टोमणा धरून चालतो. तुमचे जुने मेसेजच तसे आहेत. मी शिक्का काढतो, बंदीही उठवतो.”

“राहू दे,” नेरूरकर म्हणाले. “त्यांनी वाचायचं ते वाचलं.”

घरी येऊन त्यांनी ग्रुप उघडला. बाबुरावांचा लांबलचक मेसेज आला होता. जयवंतराव आमचे आदर्श सभासद, मोठ्या भावासारखे, त्यांची पोकळी भरून न येणारी. मागच्याच महिन्यात याच बाबुरावांनी जयवंतची टॅक्सी आवारातून बाहेर काढायला लावली होती, भिकारड्यांची वस्ती वाटते म्हणून. मेसेजखाली शिक्का नव्हता. हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली होती.

नेरूरकरांनी तो मेसेज पुरता वाचला आणि ग्रुप सोडला.