कोमट ओल

विष्णुपंतांना कुणी विचारलेलं नसायचं, तरी ते सगळ्यांच्या घरातल्या चुका काढत. अंबरनाथच्या एका कारखान्यात जन्मभर माल तपासायची नोकरी केलेली. बदलापूरला, शिरगावात फ्लॅट घेऊन निवृत्त झाले, पण खोड काही गेली नाही. भाजीवाला, वॉचमन, सून, बदलापूरची हवा, सगळंच त्यांच्या लेखी नापास. पास काय ते एकटे विष्णुपंत. त्यांच्या बायकोला, उमाबाईंना, याचा आता रागसुद्धा येत नसे. राग यायला समोरच्या माणसाबद्दल थोडा तरी आदर शिल्लक लागतो, आणि त्यांच्यापाशी तो उरला नव्हता.

दिवाळीनंतर बाथरूमच्या भिंतीत ओलीने डोकं वर काढलं. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, पॅसेजमध्ये, देवघर होतं. तिथे रंग फुगला, त्याचे पापुद्रे सुटले आणि खाली पांढरा क्षार साचायला लागला. आतून टाइल्सवर बोट वाजवलं की काही पोकळ बोलायच्या. पाऊस कधीच संपला होता, म्हणजे पाणी आकाशातून येत नव्हतं. विष्णुपंतांनी टॉर्च मारला, नाकावरचा चष्मा वर केला आणि क्षणात निकाल दिला.

"वरच्यांचं आहे."

वर कोंडाजी राहत. सोनिवलीचे शेतकरी. जमीन बिल्डरला देऊन शिरगावात राहायला आलेले. विष्णुपंत त्यांना मागे 'गुंठामंत्री' म्हणत आणि पुढ्यात 'या, बसा' असंही म्हणत नसत. "यांना ओढ्यावर अंघोळी करायची सवय. बाथरूम म्हणजे काय हे यांना आत्ता आत्ता कळतंय," असं ते देवाला फुलं वाहतानाही ऐकवायचे. देव ऐकून घेत असावा. त्यालाही दुसरं घर नव्हतं.

ते टॉर्च घेऊन वर गेले, कोंडाजींच्या बाथरूमभर फिरले आणि कपाळाला आठ्या घालून बाहेर आले.

"आमच्याकं त सगला कोरडा दिसतंय, साहेब," कोंडाजी म्हणाले. "पन तुमी शिकलेली मानसं. तुमी बोलताव म्हंजे असंल."

त्यांचा मुलगा संतोष तोंड उघडणार होता, पण बापाने हातानेच त्याला गप्प केलं.

तरी विष्णुपंतांना तज्ज्ञाचा शिक्का हवा होता. म्हणून उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून सुयोग नावाचा वॉटरप्रूफिंगवाला आला. त्याच्याकडे भिंतीला लावलं की टुकटुक वाजणारं यंत्र होतं. ते ओल्या जागी वाजलं, हे सांगायला यंत्र कशाला हवं होतं, देव जाणे. ओल कुठून येते हे काही ते सांगत नव्हतं. ते सुयोगने गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

"हंड्रेड परसेंट वरचा प्रॉब्लेम आहे सर. वरती टाइल्स काढून पूरा वॉटरप्रूफिंग करना पडेगा. तोपर्यंत खाली मी एक कोट मारून देतो."

कोट मारला. भिंत नव्या नवरीसारखी दिसायला लागली. आतलं पाणी मात्र आतच होतं. काही दिवसांत तो महागाचा रंग पुरीसारखा फुगला. विष्णुपंतांना तर पुरावाच मिळाला. त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये असा काही आवाज चढवला की कोंडाजींनी मान खाली घालून बाथरूम फोडायचं कबूल केलं.

एवढ्यावर भागलं असतं तर उमाबाई नेहमीसारख्या गप्प बसल्या असत्या. पण कोंडाजींची बायको वेणूबाई नुकतीच खुब्याचं ऑपरेशन करून घरी आली होती. वॉकर धरून पलंगापासून कमोडपर्यंत जायचं, एवढंच तिचं जग. बाथरूम फोडलं की तिला सोनिवलीच्या जुन्या घरी ठेवणार होते. तिथला संडास अंगणाच्या पार टोकाला, मध्ये पायऱ्या आणि उतार. "गडगडत जाईन नि गडगडत येईन," असं वेणूबाई हसून म्हणाली, पण हसताना तिने वॉकरची दांडी घट्ट धरली होती. उमाबाई वाटीभर शिरा घेऊन गेल्या होत्या. त्यांना तो शिरा खाली ठेवायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विष्णुपंत अंघोळीला गेलेले. त्यांचं स्तोत्र आणि गीझरचं पाणी दोन्ही जोरात चालू होतं. उमाबाई देवघरापाशी पडलेला भिंतीचा चुरा झाडत होत्या. उठताना गुडघा कुरकुरला म्हणून त्यांनी फुगलेल्या भागावर हात टेकला आणि चटकन काढून घेतला.

भिंत कोमट होती.

त्यांनी बाजूला हात लावून पाहिला. थंड. पुन्हा ओलीवर. कोमट. वरच्या घरातलं पाणी स्लॅबमधून पाझरत येईस्तोवर गारढोण झालेलं असणार. हे पाणी ताजं तापलेलं होतं, आणि या भिंतीत तापलेलं पाणी नेणारा पाइप एकच, त्यांच्या स्वतःच्या गीझरचा.

तरी त्यांनी लगेच तोंड उघडलं नाही. नवऱ्याशी वाद घालायचा तर पुरावा हवा, हे त्या त्याच्याकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढली, गीझरखालचा कॉक बंद केला आणि गीझर बिघडला असं सांगून गॅसवर पाणी तापवून द्यायला लागल्या. विष्णुपंतांनी गीझर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्या नापास केल्या आणि गॅसवरच्या पाण्याने अंघोळी केल्या. काही दिवसांत ओल रेघेच्या आत सरकली. मग उमाबाईंनी कॉक उघडला, आणि ओल पुन्हा रेघ ओलांडून बाहेर आली.

आता पाइप कुठे फुटला, एवढंच राहिलं. त्यांनी मान वर केली आणि उत्तर देऊन टाकणारी खुंटी दिसली. निवृत्तीनंतर विष्णुपंतांना सोवळ्याची फार ओढ लागली होती. पूजेचं धोतर वाळताना त्याला कुणाचा हात लागू नये म्हणून देवघराच्या वर, हात पोचणार नाही अशा उंचीवर, त्यांनी खुंटी ठोकली होती. सुतारालाही हात लावू दिला नव्हता. सोवळ्याचं काम म्हणून स्वतः स्टुलावर चढून, स्वतः ड्रिल धरून, चार इंची भिंतीत हे एवढे लांब स्क्रू पिळले होते. त्यातला एक पाइपात घुसला होता आणि तिथून पाणी भिंतीत हळूहळू झिरपत होतं.

संध्याकाळी त्यांनी सगळं सांगितलं. विष्णुपंत आधी हसले. मग स्टुलावर चढले. भिंतीला हात लावला, रेघ पाहिली, खुंटी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. उमाबाईंना वाटलं, आता हा माणूस वर जाऊन माफी मागेल. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी कधीकधी माणसाला असं वेडं काहीतरी वाटतं.

विष्णुपंत खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे कुणाला बोललीस का?"

"नाही."

"मग बोलू नकोस. उद्या वर तोडफोड सुरू होतेच आहे. त्या ठोकाठोकीत आपली भिंत फोडली तर कुणाला कळायचंही नाही. सुयोगला सांगतो, गुपचूप पाइप बदलून देईल. त्यांचं बाथरूम नवं होईल, आपली ओल जाईल. दोघांचं भलं."

"आणि वेणूबाई?"

"अगं, त्यांना सवय असते गावाकडची. मीटिंगमध्ये मी एवढं बोललोय, आता माघार घेतली तर चारचौघांत माझं नाक कापलं जाईल. माझी काही किंमत राहील का?"

उमाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस चिडका आहे, घमेंडी आहे, हे त्यांना माहीत होतं. आज कळलं की तो भित्राही आहे, आणि स्वतःची अब्रू झाकायला म्हातारीला अंगणात लोळवायलाही तयार आहे. त्यांना त्याची किळस आली. सरळ किळस, पाटावर झुरळ दिसल्यावर येते तशी.

"किंमत?" त्या म्हणाल्या. "ती आत्ताच गेली. आता लोकांना कळेल, एवढंच."

आणि पायांत चपला सरकवून त्या वर गेल्या. विष्णुपंतांनी "उमा, उमा" करत जिन्याच्या कठड्यापर्यंत पाठलाग केला, पण शेजारचं दार उघडं होतं म्हणून ते तिथूनच परतले.

वर टेम्पोसाठी पिशव्या भरून ठेवल्या होत्या. उमाबाईंनी काही न झाकता सांगितलं. पाणी आमचं, पाइप आमचा, स्क्रू ह्यांनी मारला. तुम्ही काही फोडू नका. वेणूबाईने डोळे मिटून देवाला हात जोडले. संतोष मात्र उसळला. "आई रडत व्हती तवा कुठं गेलता यांचा टॉर्च? थांबा, आताच जातो खाली!"

"बस," कोंडाजी म्हणाले. "वैनी, बरा झाला सांगितला. तुमचा काम होईस्तवर आमचा बाथरूम वापरा. पान्याशिवाय कसा चालंल?"

दुसऱ्या दिवशी भिंत खालच्या घरात फुटली. टाइल्स निघाल्या, ओलं प्लास्टर पिठासारखं हातात आलं, आणि स्क्रूने भोक पाडलेला पाइप साऱ्या इमारतीने येऊन बघून घेतला. घरातलं पाणी बंद. विष्णुपंत पारोसे, देव पारोसे.

"तू वरून बादलीभर पाणी आण," ते बायकोला म्हणाले. "मी इथेच उरकतो."

"माझ्याने जड उचलवत नाही," उमाबाई म्हणाल्या. "वर बोलावलंय तुम्हाला. जा."

विष्णुपंत खांद्यावर टॉवेल टाकून, हातात सोवळं धरून जिना चढले. जिन्यात भेटलेल्या कुणीच त्यांना काही विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. वर कोंडाजींनी दार उघडलं, बाथरूमचा दिवा लावला, नवा साबण काढून दिला. विष्णुपंत मान खाली घालून आत शिरणार, तोच पलंगावरून वेणूबाई अगदी काळजीच्या सुरात म्हणाली,

"साहेब, पानी बेताबेतानं घ्या हां. खाली तुमचाच घर हाये."