बदकाबद्दलची एकशेवीस मतं

"सर, हे मशीन आम्हाला इंटरनेटपासून वाचवणार, का इंटरनेटला आमच्यापासून?"

हा प्रश्न मी विचारला. भरल्या लॅबमध्ये, मुख्याध्यापक शेजारी उभे असताना, पुण्याहून आलेल्या इंजिनियरला. पैज होती तशी. वर्गातली ऋतिका म्हणाली होती, "समृद्धी, विचारलंस तर बाजारच्या दिवशी तळेगावात भेळ माझ्याकडून. न्हाई विचारलंस तर दिवाळीपर्यंत तोंड बंद."

तोंड बंद ठेवणं मला पूर्वी अजिबात जड नव्हतं. आठवीपर्यंत मी हजेरीला "हजर" इतकं हळू म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागलीय, तीही मी वर्गात बसलेली असताना! पण यंदा पंधरा ऑगस्टला भाषण केलं, एक शब्द विसरले नाही, सरपंचांनी उठून टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून मला थांबवणं अवघड झालंय. मम्मी तर म्हणते, "आधी बोलत न्हाई म्हणून नवस केला, आता गप बसावी म्हणून करावा लागंल."

लॅब हसली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आत्ताच शाळेचा नळ तोडलाय. पण इंजिनियर हसले. साई सर त्यांचं नाव. "दोन्ही," ते म्हणाले. "शाळेत येणारं आणि शाळेतून जाणारं सगळं या डब्यातून जाणार. काय सोडायचं, काय अडवायचं, ते याला सांगून ठेवलंय. याला फायरवॉल म्हणतात. आतमध्ये लिनक्स चालतं." डब्यावर त्या लिनक्सचा पेंग्विन चिकटवलेला होता, पोट पांढरं आणि चोच पिवळी. झाडलोट करणाऱ्या साळूबाई दारातून म्हणाल्या, "आन् ह्यो बदक कशाला?" झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव बदक. मुख्याध्यापकांनी नारळ फोडला, बदकाच्या कपाळाला कुंकू लावलं. मग साई सरांनी डबा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

जाताना ते मुख्याध्यापकांना म्हणाले, "महिनाभरानं वापरणाऱ्यांची मतं लागतील. ते काम या मुलीकडं द्या. ही विचारते."

माझ्याबद्दल असं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. मी घरी जाऊन चार वेळा सांगितलं. पप्पांना दोनदा.

महिन्याभरानं कॉम्प्युटरच्या सरांनी माझ्या हातात गठ्ठा ठेवला. एकशेवीस कोरे फॉर्म. प्रत्येकावर पाच प्रश्न. वेग कसा वाटतो? सुरक्षित वाटतं का? उपयोगाची एखादी साइट चुकून अडवली गेली का? काही तक्रार? एका वाक्यात तुमचं मत.

"वर्गावर्गात वाटू का, सर?"

"वाटून काय करणार? पोरं बदकाची चित्रं काढतील त्याच्यावर," सर म्हणाले. "मागं वाचनाच्या उपक्रमाचे भरले होते ना, तसे भर. परवा द्यायचेत. पेनं बदल फक्त. आन् मतं जिवंत वाटली पाहिजेत."

आमच्याकडं हे नवीन नाही. पाण्याच्या टाकीचे फॉर्म असोत, स्वच्छतेचे असोत, ते कुणीतरी दोघं-तिघं हुशार पोरं बसून भरतात. ज्याचं अक्षर चांगलं त्याला बोलावतात. बोलावलं की बरं वाटतं. वाईट काही लिहायचं नसतं, कारण वस्तू कुणीतरी दिलेली असते आणि देणाऱ्याला नावं ठेवू नयेत. हे कुणी शिकवलेलं नाही, पण सगळ्यांना येतं.

मी अंकिताला बरोबर घेतलं. अंकिता म्हणजे माझी बाकावरची. तिचे आजोबा म्हस्कूआबा मेंढरं घेऊन दरवर्षी कोकणापर्यंत चालत जायचे. आता मेंढरं नाहीत, दोन एकर कांदा आहे आणि तिचे वडील, ती त्यांना आप्पा म्हणते आणि मी संपतमामा, नदीपलीकडं दौंडच्या बाजूला कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जातात. पण चालणं काही त्या घरातून गेलेलं नाही. अंकिता आठशे मीटर पळते तेव्हा बाकीच्या पोरी तिच्याबरोबर पळत नाहीत, तिच्यामागून येतात. म्हस्कूआबा म्हणतात, "आमच्या घरात देवानं जमिनीच्या आधी पाय वाटलं."

दोन ऑफ तासांत आम्ही एकशेवीस फॉर्म भरले. सहा पेनं, दोन पेन्सिली. पाचवीच्या पोरांसाठी मी डाव्या हातानं लिहिलं. अंकिता मतं सांगायची, मी लिहायची.

"लिव्ह, 'पूर्वी मी गेम खेळत होतो, आता पाढे पाठ करतो.'"

"'बदक' लिहू का 'फायरवॉल'?"

"फायरवॉल लिव्ह, येडे. आन् हे घे, 'माझ्या आईला आता रात्री शांत झोप लागते.'"

आम्ही इतक्या हसलो की साळूबाई बघायला आल्या. तिसऱ्या प्रश्नाला, ते साइट चुकून अडवली का, त्याला आम्ही सगळीकडं 'नाही' लिहिलं. 'नाही' छोटा शब्द आहे, पटापट होतो. शेवटी शेवटी तर मी एका दमात वीस कागदांवर नुसतं नाही, नाही, नाही असं लिहीत गेले. अंकिता कागद सरकवत होती.

सर खूश झाले. त्यांनी तो गठ्ठा मुख्याध्यापकांना दाखवला, मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावून पेढा दिला. अर्धा मी अंकिताला दिला.

पंधरा दिवसांनी अंकिताचा फॉर्म निघाला. निवासी क्रीडाशाळेचा. राहणं, खाणं, शाळा, धावायला खरा ट्रॅक, सगळं तिथंच. आधी फॉर्म भरायचा, मग चाचणी. वयाची अट होती आणि अंकिता त्या अटीत अगदी काठावर बसत होती. पुढच्या वर्षी बसणार नव्हती. संपतमामांनी सरळ सांगितलं होतं, "निवड झाली तर तुला कोण आडवतंय? जा, शीक, पळ. न्हाई झाली तर दहावी कर आन् घरचं बघ." वाईट नाहीत ते. त्यांना एवढंच परवडत होतं, आणि एवढं तरी ते म्हणाले होते.

अर्धा फॉर्म अंकितानं मोबाईलवर भरला. उरलेला अर्धा शाळेनं भरायचा होता, शाळेच्या लॉगिनमधून. आम्ही दोघी उड्या मारत लॅबमध्ये गेलो. सरांनी साइट उघडली.

लाल पान आलं. वर बदक. खाली लिहिलेलं, 'हे पान गेम्स या प्रकारात मोडते. शाळेत बंद आहे.'

सरांनी पुन्हा उघडलं. पुन्हा बदक. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेलो. तिथंही.

"सर, गेम न्हाई ते," मी म्हणाले. "पळायचंय हिला."

"मला कळतंय गं. त्याला कुठं कळतंय?"

"मग वायर काढा की दोन मिनिटं."

"कपाटाला कुलूप आहे. किल्ली पुण्यात."

"मोबाईलवरून करा."

"शाळेचा पासवर्ड बाहेर टाकायचा नाही, असं लेखी घेतलंय आमच्याकडून. उद्या काय झालं तर माझी नोकरी, तुझी न्हाई."

मुदतीला तीन दिवस होते. मी म्हणाले, साई सरांना फोन लावा, ते मला ओळखतात. खरंच असं म्हणाले मी, छाती पुढं काढून. सरांनी स्पीकरवर लावला.

साई सरांनी ओळखलं. "अरे, प्रश्नवाली! बोल." मी सगळं सांगितलं. पलीकडं कीबोर्ड वाजला.

"तुमच्या शाळेचा रिपोर्ट उघडलाय मी. प्रश्न तीन. उपयोगाची साइट अडवली गेली का? एकशेवीसपैकी एकशेवीस 'नाही'. तक्रार शून्य. अशा शाळेची विनंती शेवटच्या रांगेत जाते. कामाचे दहा दिवस लागतात."

"सर, तीनच दिवस राहिलेत."

"मी एकटा उघडू शकत नाही. वर विचारावं लागतं आणि वरचे हाच कागद बघतात. बाकीच्या शाळांनी लिहिलं होतं ना, आमची अमुक साइट बंद पडली, तमुक बंद पडली. त्यांच्या सगळ्या पहिल्याच आठवड्यात उघडून दिल्या. त्यात ही क्रीडाशाळेची पण होती बहुतेक." परत कीबोर्ड. "हो, होती. त्यासाठीच तर तो फॉर्म होता. तुमच्याकडं एकालाही अडचण नव्हती का खरंच?"

माझं नवं तोंड तिथंच बंद झालं. अंकिता माझ्याकडं बघत नव्हती. ती कॉम्प्युटरवरच्या लाल पानाकडं बघत होती. सर म्हणाले, "बरं साहेब, जमलं तर बघा," आणि फोन ठेवला.

मी मुख्याध्यापकांकडं गेले. सांगितलं, सगळे एकशेवीस मी लिहिलेत, ते खोटे आहेत, तसं कळवा. त्यांना राग आला नाही. मला वाटतं राग आला असता तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाळ, हे कुणाला माहीत न्हाई? सगळीकडं असंच भरतात. पण आता खोटे होते म्हणून लेखी कळवलं तर संस्थेचं नाव जाईल. एका मुलीसाठी?"

"मग मला एक नवा फॉर्म द्या. माझं खरं मत लिहिते."

त्यांनी स्वतः भरलेले फॉर्म अपलोड करायची लिंक उघडून दाखवली. 'अभिप्राय नोंदवण्याची मुदत संपली आहे.' मग हसून म्हणाले, "पुढच्या शनिवारी मशीन देणाऱ्या कंपनीचे लोक येणारेत. तक्रार नसलेली शाळा म्हणून सत्कार आहे आपला. तू स्टेजवर ये. चांगली वेणी घालून ये."

दुसरा दिवस गेला. मी लॅबमध्ये चौदा वेळा ती साइट उघडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मुदत संपली. अंकिता मैदानावर आली नाही.

त्यानंतरच्या दिवशी संपतमामा शाळेत आले. पहिली शिफ्ट करून, कंपनीचा शर्ट तसाच अंगात. मी व्हरांड्यात होते. नोटीसबोर्डावर तो रिपोर्ट रंगीत छापून लावलेला होता, आमच्या शाळेच्या नावासकट. एकशेवीस मतं, तक्रारी शून्य. मामा तो बोटानं ओळ धरून वाचत होते. अंकिता बाजूला उभी होती.

"हे बघ," ते तिला म्हणाले. ओरडले नाहीत. "एकशेवीस पोरं. एकालाबी साइट बंद दिसली न्हाई. तुलाच कशी दिसली गं?"



"भ्याली आसशील. लांब ऱ्हायचं म्हणून पोटात गोळा आला आसंल. मग तसं सांग की. आमी काय खाणार हाय का तुला? पर मशिनवर ढकलती व्हय? खोटं नको बोलू बापाशी."

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. मी चार पावलांवर होते. मला वाटलं, आता सांगेल, ही समृद्धी बघा, हिनं लिहिलंय सगळं. तिनं नाही सांगितलं. म्हणाली, "व्हय, भ्याले."

आणि मी, पंधरा ऑगस्टला सगळ्या गावासमोर बोललेली मी, मी खांबाला टेकून उभी राहिले.

मामा गेल्यावर मी तिला गाठलं. "का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? कागद मीच सरकवले की तुला." दप्तराचा पट्टा नीट करत ती म्हणाली, "माझं पळायचं बूट निमोण्याच्या आत्याच्या पोराला दिलं आप्पांनी. आता पडूनच राहिलं आसतं, म्हनले."

"अंकिता, मी सांगते त्यांना."

"सांगून काय हुतंय? फॉर्म भरला जाणार हाय का?" एवढं बोलून ती वर्गात गेली, आणि माझ्या बाकावर न बसता पुढं ऋतिकाजवळ बसली.

तिचं बरोबर आहे. काहीच होणार नाही. साइट परवा उघडली. दहा दिवस पण लागले नाहीत, सातच लागले. मी बघितलं, सुंदर पान आहे, वर पळणाऱ्या मुलींचा फोटो, खाली लाल अक्षरात 'नोंदणी बंद'.

आज शुक्रवार. घरी आले तेव्हा मम्मी-पप्पा शेडमध्ये शेवंती क्रेटमध्ये भरत होते. उद्याच्या गाडीला द्यायची म्हणून घाई होती. मम्मीनं माझा युनिफॉर्म इस्त्री करून दोरीवर लावला होता, शेजारी नवी रिबीन. पप्पा म्हणाले, "या, स्टेजवाल्या बाई! उद्या मी अर्धा दिवस सुट्टी टाकलीय फुलांना. फोटू काढायला येतोय." मम्मी म्हणाली, "आन् भाषण पाठ झालं का गं? का उद्या खाली मान घालून उभी ऱ्हाशील?"

मी क्रेटच्या पलीकडं उभी राहिले. दोघांच्या हातांना फुलांचा हिरवा चीक लागलेला होता. मी सगळं सांगितलं, साई सरांपासून खांबापर्यंत. मध्ये मम्मी एकदा म्हणाली, "सरांनीच लिव्हाय सांगितलं ना? मग तुझा काय दोष?" पप्पांनी फुलं भरायचं थांबवलं आणि म्हणाले, "समू, संपत आमचा दोस्त हाय. त्याला आता पुन्हा टोचून काय मिळणार? झालं ते झालं. त्याचा राग गेला की पोरगी ठीक हुईल."

"पप्पा, मम्मी, ऐका," मी म्हणाले. आवाज बारीक निघाला, हजेरीला निघायचा तसाच, पण निघाला. "मी उद्या सत्काराला जाणार न्हाई. मी अंकिताच्या वस्तीवर जाणार हाय. संपतमामा शिफ्टला जायच्या आधी त्यांना सांगणार हाय की तुमची पोरगी भ्याली न्हवती, ती खोटं बोलली न्हाई, त्या बोर्डावरची एकशेवीस पोरं म्हंजी मीच हाय. ते हाकलून देतील. देऊ द्या. तुम्ही बरोबर आलात तर या, न्हाईतर मी एकटी जाते."