पहिली फेरी उघड्या कानांनी

मी इअरमफ बोलतोय. आवाज कानात शिरू नये म्हणून डोक्यावरून घालतात ना, दोन वाट्या आणि त्यांना जोडणारी पट्टी, तोच मी. एके काळी मी पिवळाधमक होतो. ॲडलेडच्या उन्हाने आता माझा रंग जुन्या दातांसारखा झालाय. अर्नी आणि नोरीनच्या घरात, मागच्या दाराशी, कपडे धुण्याच्या खोलीतल्या खिळ्यावर मी लटकलेला असतो. स्वभावाने मी काळजीखोर. काय करणार! सगळा गोंगाट आधी माझ्या अंगावर येतो, आणि त्यातला किती मी अडवला न् किती आत गेला, हे मला कधीच कळत नाही.

माझा जन्म मेलबर्नकडच्या एका कारखान्यात झाला. चाळीस भावंडांबरोबर एका खोक्यात बसून मी इथे आलो, मोटारींच्या दारांचे पत्रे ठोकायच्या कारखान्यात. तिथल्या मुकादमाने मला अर्नीच्या हातात दिलं. अर्नीने मला घेतलं आणि गळ्यात घातलं. कानावर नाही, गळ्यात! गळ्याला काय ऐकू येतं? पण त्या काळी कान झाकणारा गडी म्हणजे बायल्या, अशी तिथली रीत. मी त्याच्या गळ्यात लटकून दिवसभर ती ठोकाठोक ऐकायचो आणि मनात म्हणायचो, बाबा रे, दोन वीत वर सरकव मला.

त्याने सरकवलं, पण उजवा कान गेल्यावर. तेव्हापासून मात्र त्याने मला सोडलं नाही. कारखाना बंद पडला त्या दिवशी प्रत्येकाने आठवण म्हणून काहीतरी घरी नेलं. कुणी पाना नेला, कुणी नावाची पाटी. अर्नीने मला नेलं.

घरी आल्यावर माझी आणि नोरीनची खरी ओळख झाली. ती शाळेच्या उपाहारगृहात काम करायची, आणि तिचा आवाज असा खणखणीत, की मैदानाच्या त्या टोकाचं पोर हाक ऐकून निमूट यायचं. शर्यतीचं वेड तिचं. अर्नी तिच्यामागून जाणारा. शहरातल्या ज्या रस्त्यांवरून एरवी लोक कामावर जातात, तिथेच दर वर्षी चार दिवस सिमेंटचे ठोकळे आणि तारेची जाळी उभी राहते आणि मोटारी सुसाट धावतात. शर्यत भरली त्या प्रत्येक वर्षी ही दोघं आणि त्यांची टोळी एकाच वळणावर, जाळीला नाक लावून. फाटक उघडलं की वॉली निळी ताडपत्री घेऊन धावत सुटायचा आणि जागा धरायचा. वॉली म्हणजे अर्नीचा कारखान्यातला सोबती. पोट मोठं, तोंड त्याहून मोठं.

या टोळीचा एक नियम होता, आणि तो घातला होता नोरीनने. पहिली फेरी उघड्या कानांनी! मोटारी सुटायच्या घटकेला सगळ्यांनी कानातलं-कानावरचं काढायचं आणि मोटारींचा ताफा एक चक्कर मारून पुन्हा समोरून जाईपर्यंत घालायचं नाही. "पहिली गर्जना झाकल्या कानांनी ऐकायची असेल, तर घरी बसून भांडी घासा," असं ती म्हणायची. वॉलीच्या जावयाने एकदा कानातले बोळे काढले नाहीत. त्याला अकरा वर्षं झाली, तरी त्या गरीब माणसाला सगळे 'कापूस' म्हणतात. चांगला दातांचा डॉक्टर आहे हो तो.

मग गेल्या साली नोरीनच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण तो खणखणीत आवाज गेला. उरली नुसती हवेची सरसर, वाळक्या पानांवरून कुणी चालावं तशी. लोकांशी बोलायला तिने गळ्यात छोटी वही आणि पेन्सिल अडकवली. दुकानदाराला लिहून दाखवते, लेकीला लिहून दाखवते. पण अर्नीसाठी तिने आजवर एक अक्षर लिहिलेलं नाही. तो डावा कान तिच्या तोंडाकडे करतो आणि तिचं सगळं त्याला कळतं. ऐकायचं यंत्र लावून पाहिलं त्याने. त्यातून भांड्यांचा खणखणाट मोठा यायचा, नोरीन नाही.

आता सांगा, अशा कानाची मला काळजी वाटणार नाही? त्यात हिवाळ्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी अर्नीला बजावलं, "हा डावा कान तुमच्याकडे उधारीवर आहे असं समजा. मोठा आवाज अजिबात नको." आणि इकडे माझं काय झालं होतं, ठाऊक आहे? खिळ्यावर वाळून वाळून माझ्या डाव्या वाटीची मऊ गादी चिरली होती. डाव्याच! अर्नीने त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "झालं, नव्यासारखं." नव्यासारखं म्हणे!

नोव्हेंबर आला. न्याहारीच्या टेबलावर लेक लिॲन आईबापांसमोर बसली. मागचं दार उघडं होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"मला एक सांगा, तिथे जाऊन मिळतं काय?" लिॲन म्हणाली. "मोटार समोरून जाते तीन सेकंद. बाकी वेळ ऊन, माश्या आणि संडासाची रांग. कोण पुढे आहे तेसुद्धा कळत नाही. घरी टीव्हीवर सगळं दिसतं. बाबा, तुमच्या कानाचं काय?"

"मी वाट्या घालणार ना," अर्नी म्हणाला.

"आणि पहिल्या फेरीला?"

"नाही काढणार."

"शप्पथ?"

"बरं."

अर्नीचं 'बरं' मी तीस वर्षं ऐकतोय. त्याला काडीचा अर्थ नसतो.

नोरीनने वहीत काहीतरी लिहून लेकीपुढे सरकवलं. लिॲनने मोठ्याने वाचलं, "टीव्हीवर शर्यत दिसते. तिथे ती पायाखालून येते, बरगड्यांत शिरते. गेल्या वर्षी मी इस्पितळात पडून होते. मला एकदा जायचंय."

लिॲनने डोळे पुसले आणि म्हणाली, "जा बाई. तुमच्यापुढे डोकं फोडून काय उपयोग!" माझा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

शर्यतीच्या रविवारी अडतीस अंश होतं. वॉलीची ताडपत्री नेहमीच्या जागी अंथरलेली. नोरीनने फ्रिट्झच्या, म्हणजे इथल्या मऊ सॉसेजच्या, चकत्या आणि टोमॅटो सॉस घातलेली सँडविचं आणली होती. सगळे तिच्या गळ्यात पडले. वॉली म्हणाला, "काय गं, बोलत नाहीस? रुसलीस का आमच्यावर?" तिने वहीत लिहिलं, 'चाळीस वर्षं तूच बोलतोयस. मला संधी कुठे होती?' सगळे पोट धरून हसले.

मी हसलो नाही. अर्नीच्या कानामागून घाम ओघळत होता आणि चिकटपट्टीचं एक टोक सुटलं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं माझं झालं. पट्टी निघाली तर? फट पडली तर? मी आपला होईल तितका आवळून बसलो.

मोटारी ओळीने उभ्या राहिल्या. यंत्रं घुरघुरायला लागली. वॉलीने स्वतःच्या वाट्या काढून डोक्यावर उंच धरल्या आणि आरोळी ठोकली, "चला रे, कान उघडा! नोरीनचा हुकूम आहे!"

सगळ्यात आधी नोरीननेच आपल्या कानातले फोमचे बोळे काढले आणि मांडीवरच्या रुमालात ठेवले. नियम तिचा, मग ती कशी मागे राहील? बाकीच्यांनीही काढले. राहिला एकटा अर्नी.

"काय रे अर्नी?" वॉली ओरडला. "दुसरा कापूस झालास की काय?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्यात," अर्नी पुटपुटला. पण त्याचा चेहरा लाल झाला होता. शहात्तर वर्षांचा माणूस, पण चारचौघांत हसं व्हायची भीती काही सुटत नाही. त्याचा हात वर आला. माझी डावी वाटी त्याने धरली. मी म्हटलं, नको रे, अर्नी, नको! एका फेरीचा प्रश्न नाही, तिच्या प्रत्येक शब्दाचा प्रश्न आहे! माझं कोण ऐकतंय? वाटी बोटभर उचलली गेली आणि त्याच क्षणी मोटारी सुटल्या.

तो आवाज मी तुम्हाला काय सांगू! जमीन हादरली. आणि तेवढ्यात दोन तळहात माझ्यावर येऊन आदळले. नोरीन! तिने वाटी खाली ढकलली, सुटलेल्या पट्टीवर हाताचा पंजा घट्ट दाबला आणि दुसऱ्या हाताने उजवी वाटीही दाबून धरली. उजवा कान तर कधीचाच गेलेला, पण अशा घाईत तो विचार कोण करतो? अर्नीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मोटारी समोरून गेल्या, लांब गेल्या, वळून पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. फेरीमागून फेरी झाली, तरी तिने पकड सोडली नाही.

वॉलीने 'कापूस' म्हणायला तोंड उघडलं होतं. त्या दोघांना तसं बघून त्याने ते मिटलं आणि गुपचूप आपल्या वाट्या कानावर चढवल्या. चाळीस वर्षांचा तो नियम घालणारीनेच मोडला होता.

शर्यत संपल्यावर अर्नीने माझी डावी वाटी वर केली आणि कान तिच्या तोंडाशी नेला. "झालं की नाही आल्याचं सार्थक?" तिची सरसर आली.

"झालं," अर्नी म्हणाला. त्याला ऐकू आलं होतं! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! परतीच्या ट्राममध्ये तो तिचा हात धरून बसला होता आणि मी त्याच्या गळ्यात होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला गळ्यात लटकायला बरं वाटलं. ट्राममध्ये तो एकटाच बडबडत होता, ती नुसती हसत होती. मला वाटलं, बाई दमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या खिळ्यावर होतो. स्वयंपाकघरातून सरसर आली, "चहा टाकू?"

"टाक," अर्नी म्हणाला. "बिस्किटं मी काढतो."

ती उभीच राहिली. "टाकू का?"

"टाक की, म्हटलं ना!"

"काय?"

अर्नी उठून तिच्या जवळ गेला आणि मोठ्याने बोलला. आणखी मोठ्याने बोलला. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तळहात स्वतःच्या कानांवर ठेवले, आणि मला कालचं सगळं आठवलं. दोन हात तिचे, ते दोन्ही माझ्यावर. बोळे तिच्या मांडीवरच्या रुमालात. मी दिवसभर एका कानाची काळजी करत बसलो आणि माझ्यापासून हातभर अंतरावरचे दोन कान मला दिसले नाहीत.

अर्नीने तिच्या गळ्यातली वही हळूच ओढून घेतली. पेन्सिल धरायची सवय नाही त्याला. वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याने लिहिलं, 'टाक. बिस्किटं मी काढतो.' तिने ते वाचलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली.

शर्यतीपासून तिच्या कानांत वाजत राहिलेली शीळ शुक्रवारी थांबली. बरंचसं ऐकू येतं आता तिला. पण स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक येत नाही, आणि पाणी उकळल्यावर केटलीचा खटका वाजतो, तो अर्नी तिला हाताने खूण करून सांगतो. वहीचा तो कागद फ्रीजवर चिकटवलेला आहे.

माझी गादी त्याने बदलून आणलीय. शेजारी नवा खिळा ठोकलाय, त्यावर एक कोरा निळा इअरमफ लटकतोय, नोरीनचा. तिने लेकीला लिहून विचारलंय, पुढच्या वर्षी आम्हाला कोण सोडणार? लिॲनने कपाळावर हात मारला. जायचं की नाही, ते तुम्ही माणसं ठरवा. माझं म्हातारपण झालंय, पुढची शर्यत बघेन की नाही कुणास ठाऊक. तेवढ्यासाठी आत्ताच सांगून ठेवतो. अर्नी, शर्यत सुटायच्या आधी तो निळा तिच्या कानांवर तुझ्या हाताने घाल, आणि मग माझ्याकडे ये.