चौकातला वाघदेव

वाघाला ताडपत्रीत गुंडाळलं त्या दिवसापासून प्रतिभाच्या पायाला भिंगरी लागली होती. शहरातल्या हेंद्रेपाडा वस्तीतल्या खोलीवरून ती सकाळी स्कूटर काढायची ती दूध आणायला म्हणून. दूध राहायचं बाजूला, बाई चौकात हजर. ताडपत्री जागेवर आहे का, सुतळी सुटली का, कुणा शहाण्याने खाली पान तर थुंकलं नाही ना! मग दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. शेवटी चौकातला नारळपाणीवाला म्हणालाच, "मॅडम, वाघ कुठं पळून नाय जात हो." तिला हसू आलं नाही. तिला नेमकी तीच भीती होती.

आता हा वाघ कसला ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही चौकातल्या लोकांसारखं भलतंच काहीतरी धरून बसाल.

प्रतिभा आगिवले मूळची बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका पाड्याची. चित्रकला शिकली, आणि मग मोरिवलीत कारखान्यांच्या मागे पत्र्याची शेड भाड्याने घेऊन पुतळे करत राहिली. फायबरचे पुढारी, फायबरच्या गायी, लग्नाच्या हॉलच्या दारातले फायबरचे हत्ती. "मिशी जाड करा, पोट जरा आत घ्या." केलं. पोटासाठीच तर करायचं होतं ना! पण स्वतःचं म्हणावं असं एक काम तिच्या हातून झालं नव्हतं, आणि ते तिला आत कुठेतरी कुरतडत असायचं.

तिच्या पाड्याच्या शिवेवर पूर्वी वाघदेव होता. सागाचा छातीएवढा खांब, वर सूर्य-चंद्र, खाली वाघ. तोंड रानाकडे, म्हणजे खऱ्या वाघाने तिथूनच मागे फिरावं. त्या पाड्याची रीत अशी, की जुना वाघदेव झिजला की त्याच्याकडे बघून नवा कोरायचा आणि त्याच्या शेजारीच उभा करायचा. जुना कुणी टाकून द्यायचं नाही, तो आपला सावकाश मातीला मिळतो. पण कोरायचा तो बघूनच, मनचा नाही. असा एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, किती पिढ्या चालला होता कोण जाणे.

मग आलं महायुद्ध, दुसरं. कल्याणच्या बाजूला गोऱ्यांच्या फौजेची छावणी पडली. हजारो सैनिक, आणि त्यांच्या भटारखान्याला लागणारं सरपण! एके दिवशी पाड्यावर लॉरी आली. देवराईतली झाडं गेली आणि जाता जाता वाघदेवही गेला, नवा आणि जुना दोन्ही. पाड्यातली बायामाणसं नुसती उभी राहिली. बंदुकीपुढे काय बोलणार? त्या वाघदेवावर कुणाचा तरी भात शिजला असेल, आणि ज्याने खाल्ला त्याला त्याचा पत्ताही नसेल. जर्मनीत, पोलंडात लढाईत चित्रं हरवली तर त्यांचे फोटो तरी निघतात, शोध लागतात. आमच्या वाघाची साधी तक्रारसुद्धा कुणी लिहून घेतली नाही, असं प्रतिभा म्हणायची आणि म्हणताना तिचा आवाज चढायचा.

तेव्हापासून शिवेवर नुसता शेंदूर फासलेला दगड. बघायला जुना नाही, तर नवा करणार कशावरून? पाड्याने हात टेकले ते टेकलेच.

वाघदेव बघितलेलं एकच माणूस आता उरलं होतं, धाकलूआजा. प्रतिभाच्या आजोबांचा धाकटा भाऊ. लहानपणापासून ती त्याला खोदून खोदून विचारायची, आणि आजा सांगायचा. शेपटी पाठीवरून अशी वर, शेंडा पार सूर्याला टेकलेला. तोंड मिटलेलं. "वराडत नाय तो. नुसता बघतो." प्रतिभाने त्या सांगण्यावरून वह्याच्या वह्या भरल्या होत्या.

आणि मग चौक सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष राजेंद्रभाऊ, टाइल्सचे व्यापारी, तिच्या शेडमध्ये आले. "मॅडम, आपल्या मातीतलं कायतरी पाहिजे. एकदम हटके." तिने वाघदेवाचं चित्र पुढे केलं. "वाघ? वाघ तर भारीच!" भाऊ म्हणाले. एवढ्यावर काम मिळालं.

सागाचा जुना खांब तिने उल्हासनगरला करणशेठच्या वखारीतून आणला. "बॅरेक तोडी ना, उसका माल है दीदी, एक नंबर," शेठ म्हणाला. म्हणजे त्याच छावणीची बराक; उल्हासनगर वसलंय तेच तिच्या जागेवर. प्रतिभाने खांबावर हात ठेवला. पाड्यावर जाऊन तिने आजाला सगळं सांगितलं. बाकीच्यांनी नाकं मुरडली, ऐकून कुठं देव करतात का म्हणे! आजा मात्र म्हणाला, "कर तू. झाला की मी यीन. तसा हाय का नाय ते सांगन."

झालं. तिच्या जिवाला तेवढा एकच घोर. धाकलूआजा 'तसाच हाय' म्हणेल तेव्हा तो वाघदेव. तोवर सागाचा ओंडका.

वाघ चौकात उभा राहिला, आजाला आणायचा दिवस ठरला, आणि नेमकी निवडणूक लागली. एका पक्षाच्या पोरांनी येऊन वाघाला हार घातला, 'आपला वाघ' म्हणून सेल्फी काढले. दुसऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हा तर उघड उघड प्रचार! तक्रार गेली, आणि आचारसंहितेच्या नावाखाली वाघावर ताडपत्री आली. मग मोबाइलवर जो काही शिमगा सुरू झाला, विचारू नका. हा वाघ की मांजर? डरकाळी का नाही फोडत? देव असेल तर रस्त्यात का, आणि देव नसेल तर आमच्या पैशातून का? ज्याने त्याने तोंडसुख घेतलं. त्यातल्या एकानेही वाघ नीट बघितला नव्हता.

प्रतिभाला तर वेगळंच एक शल्य होतं. वाघाचं तोंड रानाकडे हवं, हे तिने सांगून बघितलं होतं. राजेंद्रभाऊ म्हणाले, "फोटो काय मागून काढायचा का?" ती गप्प बसली. तोंड स्टेशनाकडे झालं. ते आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

निवडणूक संपली आणि भाऊंचा फोन आला.

"मॅडम, वाघ काढायचा ठरलाय. उगाच डोक्याला ताप. तिकडे आपण 'आय लव्ह'वाली अक्षरं टाकतोय, लाइटिंगसकट. तुमचं पेमेंट झालंय ना? मग टेन्शन काय?"

"भाऊ, माझा आजा एकदा बघू दे. एकदाच. ऐंशी ओलांडलेला माणूस आहे. मग काय ते करा."

"उद्या दुपारी काढतायत. त्याच्या आधी आणा."

"आणि वाघ ठेवणार कुठं?"

"गोदामात. बघू मग पुढे."

"चुलीत घाला तुमचं गोदाम!" ती ओरडली, आणि शब्द तोंडातून गेल्यावर तिलाच कसंतरी झालं.

रात्रभर कूस बदलत राहिली. पहाटे भिकीआत्याला, आजाच्या लेकीला, फोन केला. आत्या म्हणाली, भाजीचा टेम्पो येतोय, त्यातनं त्याला घेऊन येते, खोकतोय पण ऐकत नाय.

प्रतिभा सकाळपासून चौकात येरझाऱ्या घालत होती. टेम्पोचा पत्ता नाही. आत्याचा फोन लागेना, वाटेत डोंगरात रेंज कुठली! आणि दुपारी येणारे कामगार सकाळीच आले, कटर घेऊन.

"अरे, दुपार सांगितली होती!"

"मॅडम, दुपारी दुसऱ्या साइटवर जायचंय हमको."

"थांबा ना जरा. माझा म्हातारा येतोय."

ते थोडे थांबले. तिने त्यांना चहा पाजला, वडापाव खाऊ घातला, पुन्हा चहा पाजला. शेवटी त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. ताडपत्री सोडली. खांब सिमेंटमध्ये पक्का बसवलेला, उपटून निघेना. मग एकाने कटर सुरू केला.

"कापू नका! अरे, कापू नका रे!" ती मध्ये घुसली. दुसऱ्याने तिला दंडाला धरून बाजूला केलं, हळूच केलं बिचाऱ्याने. भुसा उडाला. वाघाचे चारही पंजे सिमेंटमध्ये राहिले आणि वरचा वाघ आडवा झाला.

तेव्हा टेम्पो आला.

भिकीआत्याने आजाला हाताला धरून उतरवलं. नारळपाणीवाला कोयता ठेवून पुढे आला. आजा वाकत वाकत वाघापाशी आला, खाली बसला आणि त्याने हात फिरवला. शेपटीवरून, सूर्यावरून, मिटलेल्या तोंडावरून. मग कापलेल्या जागेवर त्याचा हात बराच वेळ थांबला. प्रतिभाचा जीव कानांत गोळा झाला होता.

"आजा, तसाच हाय का रं?"

आजा खोकला. म्हणाला, "काय ठावं."

"म्हणजे?"

"मी आयच्या कडंवर व्हतो गो. लॉरी आठावते मला. धूर सोडत आलेली. वाघ न्हाय आठावत. आय सांगायची, ते मी सांगायचो."

प्रतिभाला वाटलं, पायाखालचा रस्ताच कुणीतरी कापून नेला. "मग सांगीन म्हणालास ते? इतकी वर्षं मला झुलवलंस होय रे?" ती भर चौकात रडायला लागली. "मी कुणासाठी केला हा?"

आजा कापलेल्या जागेवरचा भुसा झाडत राहिला. तेवढ्यात राजेंद्रभाऊ मोटारीतून उतरले. "चला, उचला. गोदामात टाका."

"जुना देव गोदामात टाकत्यात का?" भिकीआत्या कमरेला पदर खोचून पुढे झाली.

"जुना? ओ ताई, कालपरवा तर बसवलाय!"

"त्याचं पाय तोडलं तुमी," आजा बसल्या जागेवरून म्हणाला. "आता त्यो उभा ऱ्हात न्हाय. म्हंजे जुना झाला. आमचा आमी नेतो."

भाऊंनी कामगारांकडे बघितलं, मोबाइलकडे बघितलं. गोदामाचं भाडं वाचत होतं. "न्या बाबा," ते म्हणाले, "पण आत्ताच्या आत्ता." कामगारांनीच वाघ उचलून टेम्पोत चढवला, रिकाम्या भाजीच्या करंड्यांमध्ये. आत्याने त्याचं तोंड डोंगराच्या बाजूला करून घेतलं.

प्रतिभा तिथेच उभी होती. घरी जावं, शेडवर जावं, कुठे जावं तिला कळेना. आजाने टेम्पोतून हाक मारली.

"चल की. दुसरा करायचा न्हाय का?"

"कशावरून करू, आजा? तुला तर काहीच आठवत नाही."

"माझं काय घिऊन बसलीस?" आजाने वाघाच्या पाठीवर थाप मारली. "आता बघायला हाय ना जुना!"

प्रतिभा टेम्पोत चढली, वाघासमोर करंडीवर बसली आणि बघू लागली.