अर्धा जीबी

मोहना बडोद्यातल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळायची. एका मोठ्या मशीनच्या पोटात वीस-वीस खोटी मशीनं चालवायची आणि त्यातल्या कुणाला किती मेमरी द्यायची ते ठरवायचं, हेच तिचं काम. कुणाचं मशीन जरा अडखळलं की पाच मिनिटांत मेमरी वाढवून मोकळी. आणि त्याच शहरात, रावपुऱ्यात, सख्ख्या बापाच्या लॅपटॉपवर? दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

गोविंदराव रेल्वेतून निवृत्त झालेले. मराठी टाइप करायचा त्यांचा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वीचा, नव्या लॅपटॉपवर तो काही केल्या चालेना. म्हणून मोहनाने लॅपटॉपच्या आत असंच एक खोटं मशीन करून त्यात जुनं विंडोज बसवून दिलं. आठ जीबीतला अर्धा जीबी त्याला दिला, कारण ऑफिसला जायची घाई होती. "बंद करताना हे पहिलं बटण दाबायचं, बाबा. सगळं जसंच्या तसं थिजून राहतं. उद्या उघडलंत की तिथूनच पुढे." गोविंदरावांना ते भारीच आवडलं. एवढं सोपं असताना फाइल सेव्ह कोण करत बसतो?

"फार धीमुं चालतं गं तुझं हे," ते दर आठवड्याला फोनवर म्हणायचे. "एक अक्षर दाबावं आणि वाट बघत बसावं."

"रविवारी येते, मेमरी वाढवून देते."

असे सात-आठ रविवार गेले. दोन मिनिटांचं काम हो! मग एका मंगळवारी सकाळी दूध घ्यायला दार उघडायला गेलेले गोविंदराव दारातच कोसळले, आणि संपलंच सगळं.

तेरावं झालं, नातेवाईक पांगले, तेव्हा प्रेमलाबाईंनी लेकीला जवळ बसवलं. "ते नीलबद्दल लिहीत होते," त्या म्हणाल्या.

नील म्हणजे मोहनाचा थोरला भाऊ. नवव्या वर्षी तापाने गेला, तेव्हा मोहना पाच वर्षांची होती. त्यानंतर पस्तीस वर्षांत बाबांच्या तोंडून त्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा फोटोसुद्धा त्यांनी कपाटात आत ठेवून दिला होता. मोहनाला भाऊ म्हटलं की आठवायची ती फक्त एक तांबडी चप्पल.

"मला वाचून दाखव. आजच दाखव," आई म्हणाली आणि चष्मा लावून शेजारी बसली.

मोहनाने लॅपटॉप उघडला. बाबांच्या मशीनच्या नावाशेजारी त्याच्या शेवटच्या पडद्याचं नखाएवढं चित्र होतं. पांढरं पान आणि त्यावर मुंग्यांसारख्या ओळी, एक अक्षर लागेल तर शपथ. तिला भडभडून आलं. आधी मेमरी वाढवू, तिच्या मनाने घेतलं, निदान आता तरी बाबांचं मशीन पळू दे. बैल गेला नि झोपा केला, पण केल्याशिवाय तिला राहवेना.

आकडा बदलेना. थिजवलेल्या मशीनची मेमरी बदलता येत नाही, आधी ते थिजलेलं टाकून द्यावं लागतं. ऑफिसात ती दिवसातून चारदा ते टाकून द्यायची. बोटांना डोळे थोडेच असतात! 'टाकून द्यायचं का?' असं मशीनने विचारलंसुद्धा. हो म्हणून ती मोकळी झाली. ते नखाएवढं चित्र गेलं. चार जीबी दिले आणि तिने मशीन सुरू केलं.

जुनं विंडोज भराभर उघडलं. पाठोपाठ मराठीचा प्रोग्रामही उघडला. पान कोरं होतं. जुन्या फाइलींत सोसायटीला लिहिलेली दोन पत्रं, बस्स.

तेव्हा कुठे बाईसाहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. नीलबद्दलचं बाबांनी सेव्ह कधी केलंच नव्हतं. सगळं लिखाण त्या थिजलेल्या मेमरीत होतं, आणि तीच तिने पुसून टाकली होती. संध्याकाळपर्यंत तिने डिस्क चाळली, येत होत्या तेवढ्या युक्त्या केल्या, शेवटी ऑफिसातल्या धवलला फोन लावला. "स्टेट डिस्कार्ड कर्युं, बेन?" तो हळूच म्हणाला. "तो तो गयुं." म्हणजे थिजलेलं टाकून दिलं असेल, तर गेलंच ते.

"आई, मी घालवलं," मोहना म्हणाली. "माझ्या हाताने घालवलं गं. आता ते मिळायचं नाही."

प्रेमलाबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या ओरडल्या असत्या, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर मोहनाला सोसलं असतं.

"मला विचारलं होतं त्यांनी, वाचून दाखवू का म्हणून," त्या म्हणाल्या. "दोनदा विचारलं. मीच नको म्हटलं. म्हटलं, मला नाही ऐकवणार, पूर्ण होऊ दे, मग बघू."

"किती झालं होतं?"

"चाळीस पानं झाली, म्हणाले." तेरा दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेल्या प्रेमलाबाईंचा आवाज फुटला. लेकीचा दंड घट्ट धरून त्या रडू लागल्या. "नऊ वर्षांचं पोर माझं. त्याचं चाळीस पानं काय काय लिहिलं असेल गं त्यांनी?"